रविवारची जोडी

बॉलिंगचा बॉल कोणत्या लेनवर कसा वळवायचा, हे म्हैसुरात माझ्याइतकं कोणाला कळत नसेल, असं मी गुंडुरावांना सांगून टाकलं. सांगताना आवाजही जरा चढला होता. ते म्हणाले, "मग आयतु, ठरलं. मी सुम्ने, नुसता टाकत जातो, डोकं तुम्ही चालवा."

मी बिंदुमाधव. विमा कचेरीतून निवृत्त, कुवेंपुनगरात पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. बायको वेदवती गेली, मुलगा रघूत्तम डब्लिनला. गेल्या खेपेला आला तेव्हा तो मला मॉलमधल्या बॉलिंगला, म्हणजे लांब लेनवरून जड बॉल घरंगळवत टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळाला, घेऊन गेला, आणि परत जाताना माझ्या बोटांच्या मापाची भोकं पाडलेला एक जांभळा बॉल देऊन गेला. म्हणाला, "अप्पा, तेवढंच बाहेर पडणं होईल."

तेवढंच बाहेर पडणं होत होतं. दर बुधवारी सकाळी. शेजारच्या लेनवर गुंडुराव असायचे. देवराज मार्केटजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण आता ते मुलगा बघतो आणि यांना गल्ल्यावरही बसू देत नाही. दोन म्हातारे शेजारशेजारच्या लेनवर एकेकटे खेळतात हे दिसायला बरं नाही, म्हणून आम्ही एक लेन घेऊ लागलो. मग मला आठवड्यातला दुसरा कुठलाही वार ओळखू येईनासा झाला.

अशात ज्येष्ठांच्या जोड्यांचा सामना जाहीर झाला. दत्तोजीराव म्हणून एक निवृत्त इंजिनियर आहेत, त्यांनी गुंडुरावांना जोडीसाठी आधीच विचारलं होतं. तरी गुंडुराव माझ्याकडे राहिले, ते केवळ माझ्या ज्ञानावर. आम्ही वाईट हरलो तर माझा बुधवार दत्तोजीरावांकडे जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ज्ञान व्हिडिओंमधलं होतं. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस कशाचेही व्हिडिओ बघतो. बॉलिंगच्या लेनवर तेल लावतात. तेल जास्त असलं की गुळगुळीत बॉल नुसता घसरत सरळ जातो, वळत म्हणून नाही. अशा वेळी बॉल सँडपेपरने घासून खरखरीत करायचा, म्हणजे तो लाकूड पकडतो आणि वळतो. लेन कोरडी असेल तर उलट. बॉलला पॉलिश करायचं. एवढंच शास्त्र. रविवारच्या सामन्याला ताजं आणि भरपूर तेल घालणार, असं तिथला मॅनेजर शरत मला म्हणाला होता. तेव्हा बॉल घासायचा, हे ठरलं.

हाताने घासला तर एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी होतो. त्याला फिरवायचं यंत्र असतं. ते माझ्याकडे नव्हतं, पण वेदवतीचं इडलीचं पीठ वाटायचं ग्राइंडर होतं. दगड काढून ठेवले, भांड्यात ओल्या टॉवेलची चुंबळ बसवली, त्यावर बॉल ठेवला आणि बटण दाबलं. बॉल असा फिरला की मला क्षणभर कोणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं. मग मी ओला सँडपेपर धरून बसलो. थोडं घासायचं, बॉल उलटायचा, परत घासायचं. मंगळवारपासून रोज दुपारी ग्राइंडर घरघरत होतं.

खाली भवानीबाई राहतात, मुलगी पूजितासोबत. बरोबर माझ्या स्वयंपाकघराखाली त्यांचं स्वयंपाकघर. ज्या घरात एक माणूस डबा आणून खातो, तिथे रोज ग्राइंडर चालतंय हे त्यांनी ऐकलं. त्यात गुंडुरावांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून मी गॅलरीत उभा राहून फोनवर ओरडत होतो, "रविवारी तेल भरपूर घालणार आहेत. काळजी करू नका, जोडी आपलीच उठून दिसेल."

गुरुवारी बाई जिन्यात भेटल्या. एरवी आम्ही नुसती मान हलवतो.

"रविवारी आहे म्हणे?" त्यांनी विचारलं.

मला फार बरं वाटलं. "आहे ना. सकाळी दहाला."

"आणि सांगितलं नाही होय? जोडी जमली म्हणा की."

"जमली. परवाच पक्कं झालं."

"माणसं कुठली?"

"इथलीच. पूर्वी रंगारी, आता कापडाचं दुकान. खाऊनपिऊन सुखी."

"मराठीच ना, अल्ला?"

"मराठीच. स्वभाव इतका शांत, की काय सांगू. चुकलं तरी शब्दाने बोलत नाहीत."

"आजच्या काळात असं मिळणं कठीण," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आज वेदवती हव्या होत्या."

मीही गलबललो. बॉलिंगचं वेदवतीला काय वाटलं असतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. पण बाई म्हणतात तर वाटलं असतं काहीतरी.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात भवानीबाई, हातात फळांचं ताट, मागे पूजिता. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब, चार प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन. "उद्या कमी पडतील अंकल," त्यांच्यातला एकजण म्हणाला. सगळे आत आले. पंखा मोठा केला. कॉफीला दूध पुरेना म्हणून पूजिता खालून घेऊन आली. पडवळासारखा लांब माझा हॉल एकदम बुटका आणि भरलेला दिसू लागला.

"मुलीचं नाव मात्र सांगितलं नाहीत," भवानीबाई म्हणाल्या.

"कुठल्या मुलीचं?"

"अय्यो, रघूत्तमच्या. साखरपुडा तुमच्या घरी, आणि आम्हाला नावही माहीत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण वरच्या सूनबाई वेदवतीच्या फोटोला हार घालत होत्या, कोणीतरी सिंकमध्ये कप विसळत होतं, आणि मी सांगितलं की हे सगळे उठणार होते. मी म्हणालो, "अजून थोडी कॉफी घेणार?"

त्यांनी घेतली. अजून अर्धा तास सहज निघाला असता. पण पूजिता रघूत्तमच्या वर्गातली. तिने त्याला अभिनंदनाचा मेसेज पाठवला होता. माझा फोन वाजला आणि तिने हौसेने स्पीकर लावला.

"अप्पा," रघूत्तम म्हणाला, "माझं लग्न ठरलंय का?"

मी सांगितलं. सामना, तेल, गुंडुराव, सगळं. कोणाला पटेना, म्हणून स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. बारशाला पाळण्यात डोकावावं तसे सगळे ग्राइंडरमध्ये डोकावले. आत जांभळा बॉल टॉवेलवर बसला होता.

"म्हणजे पीठ नाही?" भवानीबाई म्हणाल्या.

"नाही."

हसले असते तर बरं झालं असतं. पण शेजारी भले. खुर्च्या एकेक करून वर गेल्या. ताट मी परत करायला गेलो तर बाई म्हणाल्या, "राहू द्या, फळं आहेत. खा." फोनवर रघूत्तम अजून होता. "अप्पा, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हणालो, बरा आहे, रविवारी सामना आहे. तो म्हणाला, "नीट खेळा."

सकाळी मॉलवर पोचलो, तर शरत तोंड पाडून उभा. तेल घालायचं यंत्र बंद पडलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी वाढदिवसाला आलेल्या पोरांच्या बॉलांनी होतं तेवढं तेल पुसून नेलं होतं. "लेन एकदम कोरडी आहे सर," तो म्हणाला.

"मग मी पॉलिश करतो."

"नाव नोंदल्यावर बॉलला काही करायचं नाही. नियम आहे."

मी पहिला बॉल टाकला. अर्ध्या वाटेवरच तो डावीकडे वळला, आणि काहीतरी घरी विसरल्यासारखा थेट बाजूच्या पन्हळीत गेला. मी उजवीकडे सरकून टाकला. तो पिनांसमोरून आडवा पुन्हा त्याच पन्हळीत. गुंडुराव शांतपणे म्हणाले, "वळतोय मात्र छान."

तेवढ्यात मागे पाहिलं, तर भवानीबाई आणि पूजिता. बाई रेशमी साडीत. "रविवार मोकळाच ठेवला होता," त्या म्हणाल्या, "म्हटलं, बघू तरी काय ते." त्यांच्यासमोर मी उरलेला सामना खेळलो. शेवटून पहिले आलो. दत्तोजीराव येऊन सांत्वन करून गेले.

सामना संपल्यावर शरतने बाईंना एकदा टाकून बघा म्हटलं. त्यांनी पदर खोचला, तिथलाच एक झिजलेला बॉल दोन्ही हातांनी उचलला आणि कळशी ओतावी तसा पुढे सोडून दिला. तो रमतगमत सरळ गेला आणि सगळ्या पिना आडव्या झाल्या. गुंडुराव त्या पिनांकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "बुधवारी सकाळी तुम्हाला वेळ असतो का?"

मी खाली बसून बुटाची नाडी सोडू लागलो.

"वेळ आहे," भवानीबाई म्हणाल्या, "पण ऑटोने एकटी नाही येणार मी. हे येणार असले तर येईन." आणि दोघं माझ्याकडे बघू लागले.

लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं. मी खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि बुधवारच्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बघत राहिलो.

"जमवतो," म्हणालो.