मास्तरांचं लाल कुलूप

बेकरीच्या मेन स्विचला लाल कुलूप लटकत होतं आणि त्याची चावी मास्तरांच्या खिशात नव्हती.

मास्तर म्हणजे बेकरीचे वायरमन. शिकवायची खोड होती म्हणून हे नाव पडलं. यंत्राला हात लावण्याआधी स्विच बंद करा, त्याला आपलं कुलूप घाला, चावी आपल्याच खिशात ठेवा, दुसऱ्याचं कुलूप उघडू नका, हे ते वीस वर्षं दर सोमवारी ऐकवत होते. लोक जांभया देत, पण पाळत. आज पीठ मळायच्या यंत्राचा पट्टा बदलून झाला आणि चावी गुल!

चावी बेकरीतच हरवली होती, तरी घाबरून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, सकाळच्या शर्टात लाल दोऱ्याची चावी आहे का बघ."

"सकाळचा शर्ट तुमच्या अंगावरच आहे," बायको म्हणाली. "चष्मा तरी आहे ना डोळ्यांवर?"

चष्मा होता.

तोवर मॅनेजरसाहेब तणतणत आले. "मास्तर, तीनला पाव न्यायला गाडी येणार. त्यांना काय कुलूप देऊ? तोडा ते! आणि उद्यापासून ही कुलपांची थेरं बंद." एवढं बोलून ते निघूनही गेले.

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. वीस वर्षांची मेहनत एका चावीपायी पाण्यात जाणार होती. तोडण्याआधी काय काय बघायचं ते त्यांना तोंडपाठ होतं, पण आज कोणत्या तोंडाने सांगणार? "तोडा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

पीठ मळणाऱ्या ताईंनी कटर आणला, पण तो पाठीमागे धरला. "आधी माणसं मोजा, मास्तर."

"अहो ताई, सगळे इथेच तर आहेत."

"दर सोमवारी आमचं डोकं खाता, आणि आज मोजायचं नाही?" ताईंनी स्वतःच मोजायला घेतलं. "आपण सात. इथे सहा."

"मला मोजलंत का?"

"तुम्हाला धरून सहा."

इतक्यात भिंतीपलीकडून घुमल्यासारखा आवाज आला, "सापडली!"

सगळे पळाले. यंत्राच्या पिंपातून फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. मागोमाग पिठाने पांढरे झालेले मॅनेजरसाहेब निघाले. हातात लाल दोऱ्याची चावी होती.

"जाता जाता डोकावलो, तर पात्याखाली पडली होती! कामं कशी करता तुम्ही... काय झालं? असे का बघताय?"

मास्तरांची नजर यंत्राच्या बटणावर गेली. सकाळी पट्टा तुटला तेव्हापासून ते बटण चालूच राहिलं होतं. स्विच लागताच पाती फिरली असती. ते मटकन पिठाच्या पोत्यावर बसले.

"मी तोडा म्हणालो होतो, साहेब," ते कसेबसे म्हणाले.

साहेबांनी बटणाकडे पाहिलं, ताईंच्या हातातल्या कटरकडे पाहिलं आणि चावी मास्तरांच्या हातात ठेवली. दिवसभर ते कोणावर ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना पुन्हा पिंपात डोकावायचं होतं. त्यांनी मास्तरांदेखत स्विच बंद केला आणि खिशातून नवंकोरं निळं कुलूप काढून लावलं. मास्तरांना भरून आलं. साहेबांनी पिंप बघितलं, हात झटकले, आणि मग एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग शर्टाचा.

कोणी हसलं नाही. ताई मुकाट्याने कटर घेऊन आल्या.

"साहेब, तीनची गाडी..." मास्तर हळूच म्हणाले.

"थांबेल गाडी," साहेब म्हणाले. "ताई, आधी माणसं मोजा."