मोरेश्वरने राखलेलं शेत

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेतजमीन संवर्धन सल्लागार मंडळावर उल्हास नेमला गेला, ही बातमी मोरेश्वरला सकाळच्या चहाबरोबर मिळाली, आणि दोन चमचे साखर घातलेला चहा त्याला कडू लागला.

"सल्लागार म्हणजे पगार नाही ना?" त्याने बायकोला विचारलं.

"नाही," मीनाक्षी म्हणाली.

"म्हणजे नुसते फुकटचे सल्ले द्यायचे."

"हो. तू घरी देतोस तसे."

मोरेश्वर आणि उल्हास पुण्याच्या एकाच कॉलेजातले, एकाच खोलीतले, आणि अमेरिकेतही एकाच वर्षी आलेले. पण इथे आल्यावर उल्हासचं सगळं आधी झालं. ग्रीन कार्ड आधी, घर आधी. तेही कसलं, तर अ‍ॅशबर्नजवळ स्वतंत्र, मागे प्रशस्त लाकडी डेक, आणि डेकपलीकडे वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं मक्याचं शेत. मोरेश्वर अजून तीन मजली टाउनहाउसच्या जिन्यातच. हेवा कशाकशाचा करायचा यालाही मर्यादा असते, असं तो स्वतःला समजावत आला होता. पण हॉस्टेलच्या खिडकीतला मनी प्लांटसुद्धा ज्याने वाळवून दाखवला, तो आता काउंटीची शेती वाचवणार म्हटल्यावर ती मर्यादा संपली.

त्यात महाराष्ट्र मंडळाने संक्रांतीच्या कार्यक्रमात उल्हासचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ ठेवलेलं तबक धरून उभं राहायचं काम मोरेश्वरकडे आलं. नारळ चांगला वजनदार होता.

आणि मग वॉल्टरच्या शेताचं प्रकरण उल्हासच्या सल्लागार मंडळासमोर आलं. वॉल्टरला शेत कायमचं शेत म्हणून राखायचं होतं, आणि तसा अर्ज त्याने केला होता. मंडळाचा सल्ला काउंटी सहसा मोडत नसे, त्यामुळे मंडळ हो म्हणालं तर तिथे कधीच घरं होणार नव्हती. नाही म्हणालं तर तो ते बिल्डरला विकून मुलीकडे फ्लोरिडाला जाणार होता. त्या बिल्डरकडे मीनाक्षीने केव्हाच नाव नोंदवून ठेवलं होतं. खाली बेडरूम असलेलं घर तिला हवं होतं, कारण तिच्या आईचे गुडघे गेले होते आणि टाउनहाउसचा जिना चढता येत नाही म्हणून आई दोन वर्षं यायचं टाळत होती.

"मीटिंगमध्ये कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं," मीनाक्षी म्हणाली. "तू जा. घरांची गरज आहे, म्हाताऱ्या माणसांना जिने झेपत नाहीत, एवढंच सांग. मला आज ऑफिसचा कॉल आहे, मी घरून लाइव्ह बघते. आणि मोरू, प्लीज, उल्हासकडे बघू नकोस."

मोरेश्वर ब्लेझर घालून गेला. बघायचं नाही म्हटलं तरी उल्हास समोरच बसला होता, पुढ्यात नावाची पाटी. पाटीवर स्पेलिंगही बरोबर होतं.

वॉल्टरचा विषय निघाला तसा उल्हास उठून उभा राहिला. "माझं घर या शेताला लागून आहे. शेत राहिलं तर माझा फायदा आहे. त्यामुळे मी या चर्चेत भाग घेणार नाही आणि मतही देणार नाही," असं इंग्रजीत शांतपणे सांगून तो मंडळाच्या टेबलावरून निघाला आणि लोकांमध्ये, नेमका मोरेश्वरच्या मागे, येऊन बसला. अध्यक्षबाईंनी आदराने मान हलवली. शेजारची बाई पुटपुटली, "किती प्रामाणिक माणूस." वॉल्टरने तर टोपी काढली.

मोरेश्वरला पुन्हा तो नारळाचा तबक हातात आल्यासारखं वाटलं. नियमच आहे तो, त्यात कसला आलाय प्रामाणिकपणा, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

तो माइकपाशी गेला, तीन मिनिटं सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला, आणि मीनाक्षीने पाठ करून घेतलेलं भाषण त्याच्या डोक्यातून पार उडालं.

"माझ्या मित्राने शेत राहिलं तर त्याचा फायदा आहे म्हणून मत दिलं नाही," तो म्हणाला. "माझा फायदा शेत गेलं तर आहे. बिल्डरकडे माझं नाव आहे. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मला तिथे घर हवंय."

सभागृह शांत झालं. उल्हासला एवढी शांतता मिळाली नव्हती. इथेच थांबला असता तर सासूबाई पुढेमागे आल्या असत्या.

"पण मी गप्प बसणार नाही," तो पुढे म्हणाला. "मी माझ्या फायद्याविरुद्ध बोलणार. घर कुठेही मिळेल. माती एकदा गेली की गेली. हे शेत वाचवा."

लाल दिवा लागला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वॉल्टर डोळे पुसत होता. आतापर्यंत दोन्हीकडे डुलणाऱ्या मंडळाने एकमताने हो म्हटलं. मोरेश्वरला असं वाटलं की आपल्या खांद्यावर शाल पडली आहे. ती उतरली पार्किंगमध्ये, मीनाक्षीचा मेसेज बघितल्यावर. त्यात लिहिलं होतं, "आईला तूच फोन कर."

त्यानंतर आठवडाभर मीनाक्षी गरजेपुरतं बोलली. रविवारी उल्हासने दोघांना आग्रहाने भज्यांना बोलावलं. तिघं डेकवर बसली. समोर शेत पार क्षितिजापर्यंत पसरलं होतं.

"काय व्ह्यू आहे यार," उल्हास म्हणाला. "आणि आता कायमचा. घराची किंमतही वाढली म्हणे."

"ते झाड दिसतंय ना," मीनाक्षी मोरेश्वरला म्हणाली, "तिथे आईची खोली आली असती."

मोरेश्वरच्या घशात भजं अडकलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. उल्हासने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि जरा खाली मान घालून म्हणाला, "खरं सांगू का मोऱ्या? त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. मी एवढा नियमाने वागलो, आणि टाळ्या तुला."

मोरेश्वर पाणी प्यायला. भजं खाली उतरलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्याला उल्हासच्या डेकवरची खुर्ची आरामशीर वाटली.

"तू मागे बसला होतास ना," तो सैलावून म्हणाला. "मागून नीट ऐकू येतं. किती वेळ वाजल्या रे?"

मीनाक्षीने भज्यांची ताटली त्याच्यासमोरून उचलली आणि उल्हाससमोर ठेवली.