वाटाण्याएवढे ग्रीस

गुंडोपंतांनी देवळाच्या रथाच्या आसाला आयुष्यभर एरंडेल पाजले. त्यांचे चिरंजीव नरसिंहराव यांनी केम स्टेशनात मालडब्यांच्या वंगणपेट्या भरल्या, आणि नरसिंहरावांचे चिरंजीव व्यंकटेशराव सोलापूरच्या गिरणीत साच्यांना तेल घालता घालता म्हातारे झाले. या तिघांच्या पुण्याईवर वेणीमाधवराव एसटीच्या आगारात मेकॅनिक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी चहातली साखर सोडली, तंबाखू सोडली. परंतु वंगण लावताना हात आखडू नये, ही घराण्याची श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

म्हणूनच त्या शनिवारी दुपारी, शुक्रवार पेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कन्या भार्गवी जे करीत होती, ते त्यांना पाहवेना.

भार्गवी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळी आणि सुटीच्या दिवशी डोंगरी सायकलींची दुरुस्ती करी. आज तिच्यासमोर समराच्या सायकलीचा पुढचा शॉकअप उघडून पडला होता. समरा म्हणजे आगारातले जुने सहकारी मकदूमभाई यांची नात. राज्याच्या संघाची निवड उद्या सकाळी पुण्यात होती, वयोगटाच्या हिशेबाने समराची ही शेवटची संधी होती, आणि खेळाडूंचा टेम्पो संध्याकाळी सहाला कोपऱ्यावरून सुटायचा होता.

भार्गवीने एका नळीतून पांढरट ग्रीसचा वाटाण्याएवढा थेंब बोटावर घेतला आणि दांड्याच्या टोकावरील रबरी कडीवरून हलकेच फिरवला.

“झालं?” वेणीमाधवरावांनी विचारले.

“झालं.”

“अगं, एवढं तर आम्ही कपड्याला पुसून टाकत होतो.”

“ती बस होती, बाबा. हा शॉकअप हवेवर चालतो. या नळीत आतून एक बारीक खाच आहे, तिच्यातनं हवा वरून खाली, खालून वर जाते. ग्रीस जास्त झालं की खाच बुजते. मग शॉकअप एकदा खाली बसला की उठत नाही.”

“आणि आपलं पिवळं? फळीवर अख्खा डबा आहे.”

“ते बेअरिंगचं. याच्या रबराला चालत नाही, फुगतं.” तिने हात पुसले. “खालची दोन सीलं आली आहेत, सात रस्त्याच्या कुरिअरवाल्याकडनं घेऊन येते. अर्ध्या तासात आलेच. तोवर कशालाही हात लावायचा नाही.”

“मी कशाला लावतोय.”

आणि वेणीमाधवरावांनी हात खरोखरच लावला नाही. पाच मिनिटे ते त्या उघड्या नळीकडे पाहत राहिले. नळी आतून कोरडी ठणठणीत होती. पुण्याचे डोंगर, दगडगोटे, त्यात मकदूमची नात, आणि आत वंगणाचा थेंब नाही. पत्नी मालतीबाई माढ्याला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघरात विचारणारे कोणी नव्हते. वेणीमाधवरावांनी लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा धुऊन आणला, पिवळ्या डब्यात बुडवला आणि नळीत खोलवर दोनदा फिरवला. मग त्यांनी चमचा पुन्हा धुतला. त्यांना फार बरे वाटले.

तेवढ्यात मकदूमभाई आले. नातीच्या निवडीमुळे त्यांना सकाळपासून घरात बसवत नव्हते.

“झाला का शॉकअप?”

“सीलं आली की जोडायचा. बस, चहा टाकतो.”

मकदूमभाईंनी भार्गवीने तयार करून ठेवलेला दांडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “वेणू, पोरगी ग्रीसला लई जपती की.”

“आजकालची पद्धत आहे ती,” वेणीमाधवराव गंभीरपणे म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

कुरिअरवाला जेवायला गेला होता. भार्गवी परतली तेव्हा चार वाजून गेले होते. तिने घाईघाईने सीलं बसवली, दांडा नळीत सरकवला, त्याला आत धरणारी लोखंडी कडी अडकवली, खालचे नट आवळले आणि पंपाने हवा भरली. दोन्ही वृद्ध स्टुलांवर शेजारी शेजारी बसून पाहत होते.

पाच वाजायला वीस मिनिटे असताना समरा पाठीला पिशवी लावून हजर झाली. “ताई, दाबून बघू?”

“बघ.”

समराने हँडलवर भार टाकला. शॉकअप सुळकन खाली गेला. तिने भार काढला. शॉकअप खालीच राहिला.

भार्गवीने आणखी हवा भरली. तो दोन बोटे वर आला. समराने पुन्हा दाबले, आणि तो पूर्वीपेक्षाही खाली जाऊन बसला.

“नवीन सील आहे, बसायला वेळ लागत असेल,” वेणीमाधवराव म्हणाले.

“सीलाचा काही संबंध नाही.” भार्गवीचा आवाज फार शांत होता, आणि तो शांत झाला की घरातली माणसे बाजूला सरत. “आत खाच बुजली आहे.”

“ताई, सहाला टेम्पो आहे,” समरा म्हणाली. “सर कुणासाठी थांबत नाहीत. गेल्या वेळी झीनतला तशीच सोडून गेले.”

“किती वाजले?”

“पावणेपाच.”

भार्गवीने हवा सोडली. खालचे नट सैल केले, त्यांवर लाकडी हातोडीने दोन ठोके मारले, खालचे पाय उपसून काढले. तेल परातीत गळू लागले. लोखंडी कडी काढताना चिमट्याचे टोक निसटले आणि कडी उडून फळ्यांखाली गेली. चौघेही गुडघ्यांवर आले. मकदूमभाईंना ती सापडली तेव्हा पाच वाजून सात मिनिटे झाली होती. वेणीमाधवरावांच्या कपाळावर घाम होता आणि कबुली त्यांच्या जिभेवर येऊन परत जात होती.

भार्गवीने दांडा ओढला. तो नाइलाजाने, चिकट आवाज करीत बाहेर आला. त्याच्या टोकाला पिवळ्या ग्रीसचा लाडूएवढा गोळा होता.

“बाबा.”

“हात नाही लावला,” वेणीमाधवराव म्हणाले. “चमचा लावला.”

भार्गवीने काठीला फडके गुंडाळून नळीत घातले आणि बाहेर काढून उजेडात धरले. फडक्यावर पिवळे होते, आणि त्या पिवळ्यावर, तितकेच भरघोस, काळेकुट्ट ग्रीस होते.

सोलापूर आगारात काळ्या ग्रीसशिवाय ज्याचे पान हलत नसे आणि ज्याच्या खिशात त्याची छोटी डबी कायम असे, असा एकच माणूस होता. समराची नजर हळूहळू आजोबांकडे वळली.

“दादा, खरं सांगा. मागं ब्रेकला लावलं होतं तेव्हा शपथ घेतली होती तुम्ही.”

मकदूमभाईंनी टोपी काढली. चेहरा असा झाला होता की नातीपुढे आता त्यांना खरेही बोलवेना आणि खोटेही.

त्र्याण्णव साली एका बसच्या चाकात वेणीमाधवरावांनी मूठभर ग्रीस जास्त कोंबले होते. ते ब्रेकवर उतरले आणि बस आगाराच्या भिंतीवर जाऊन टेकली. साहेबांनी सगळ्यांना ओळीने उभे केले. वेणीमाधवरावांना तेव्हा नोकरीत कायम व्हायला महिना उरला होता. शेजारी उभे असलेले मकदूमभाई एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, ‘मी भरलं, साहेब.’ त्यांना आठ दिवस बिनपगारी फाटकाबाहेर ठेवले. त्यानंतर आजतागायत दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

वेणीमाधवराव स्टुलावरून उठले आणि एक पाऊल पुढे आले.

“तेही मीच भरलं.”

“काळं?” भार्गवीने विचारले.

“काळंच. पिवळं पुरलं नाही.”

पिवळा डबा फळीवर होता आणि झाकण उघडे असल्यामुळे तो जवळजवळ काठोकाठ भरलेला सर्वांना दिसत होता. भार्गवीने डब्याकडे पाहिले, मकदूमभाईंच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिले आणि मग वडिलांकडे पाहिले.

“समरा, फडकी आण,” ती म्हणाली. “आणि तुम्ही दोघं भिंतीला टेकून बसा. हात मांडीवर.”

दोघे बसले. नळी तीनदा पुसली गेली. रबरी कडी अजून फुगली नव्हती. पुन्हा वाटाण्याएवढा थेंब, पुन्हा दांडा, कडी, तेल, नट, हवा. पावणेसहाला कोपऱ्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. समराने हँडल दाबले. शॉकअप खाली गेला आणि श्वास घेतल्यासारखा अलगद वर आला. तिने आणखी दोनदा दाबून पाहिले, भार्गवीच्या खांद्याला मिठी मारली आणि सायकलीवर बसून गल्लीतून निघून गेली. टेम्पोचा आवाज दूर जाईपर्यंत तिघेही कान देऊन बसले.

मग भार्गवी हात पुसत वडिलांकडे वळली.

“उद्यापासून आठ दिवस या शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही, बाबा.”

मकदूमभाई चटकन उठले. “भार्गवी, बेटा, ऐक जरा. ह्यात वेणूचं एकट्याचं…”

“मकदूम, बस खाली,” वेणीमाधवराव म्हणाले. “आठ बरोबर आहेत.”

आणि उद्याची वाटही न पाहता ते शेडबाहेर जाऊन, पत्र्याच्या दाराशी ताठ उभे राहिले.