आमच्या ओव्हनमधलं इंजिन

गाडीचं बॉनेट मी फक्त पुसायला उघडलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. सुनेत्राचा यावर अजूनही विश्वास नाही. पण पंचवीस-तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला खरं पटवण्यापेक्षा तुम्हाला पटवणं सोपं, म्हणून तुमच्याकडे आलो.

झालं असं, की आमच्या आरोहीने बॉस्टनमध्ये राहून स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं. मुलगा नकुल दाबके. मराठी निघाला, याचं सगळं श्रेय सुनेत्राने आपल्या उपासांना दिलं. आता त्याचे आईवडील, रवी आणि सरला, न्यू जर्सीहून रविवारी बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीच्या घरी पहिल्यांदाच जेवायला येणार होते. शुक्रवारी आरोहीचा फोन आला.

"बाबा, वन थिंग. नकुलचे बाबा गाड्यांच्या बाबतीत क्रेझी आहेत. कोणाकडेही गेले की ते आधी गाडीचं हूड उघडायला लावतात."

"आणि मग?"

"मग बघतात. आणि नंतर त्या माणसाबद्दल ओपिनियन बनवतात. बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल."

नॉर्मल राहा असं कोणी सांगितलं की मला घाम फुटतो. मी एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो. गाडीशी माझा संबंध पेट्रोल भरण्यापुरता. (काचेवर मारायचं निळं पाणी कुठे ओततात, ते मला मागच्या वर्षी कळलं. त्याआधी ते कुठे ओतत होतो, हे विचारू नका.) तेव्हा शनिवारी दुपारी सुनेत्रा वांगी चिरायला बसली आणि मी फडकं घेऊन गॅरेजमध्ये गेलो. नुसतं पुसायला.

बॉनेट उघडलं तर इंजिनावर एक मोठं करडं झाकण. कडेला भुरकट, मध्ये डाग. मुलीच्या सासऱ्याने पहिल्या भेटीत हे बघावं, ही कल्पना मला सहन होईना. फोनवर शोधलं, तर एक टोपीवाला माणूस असंच झाकण लाल रंगवून दाखवत होता. काय सुंदर दिसत होतं! पाच मिनिटांत त्याने झाकण काढलं, रंगवलं, वाळवलं आणि परत बसवलं. मी म्हटलं, पाच मिनिटं म्हणजे आपल्याला अर्धा तास धरू.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "मेटल की प्लास्टिक?"

"कार," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उष्णता सहन करणाऱ्या लाल रंगाचा एक स्प्रे कॅन माझ्या हातात दिला. आधी घासायला पॉलिश पेपर, मग अस्तराचा रंग, असंही ती काहीतरी सांगत होती. पण मला ते दुकानदारांचं नेहमीचं वाटलं. आपण साबण घ्यायला जावं आणि त्यांनी बादली गळ्यात मारावी, तसं.

झाकण चार खुंट्यांवर नुसतं दाबून बसवलेलं होतं, त्यामुळे ते निघालं. (एक खुंटी त्याच्याबरोबर निघाली. ती खिशात ठेवली.) मग मी गॅरेजच्या मधोमध दोन बादल्या उपड्या टाकल्या, त्यावर झाकण ठेवलं, कॅन हलवला आणि बटण दाबलं. काही आलं नाही. भोक बंद आहे का, म्हणून जवळ धरून बघितलं आणि पुन्हा दाबलं.

माझी मिशी लाल झाली.

यानंतरचं रंगकाम उत्साहात झालं. व्हिडिओत सांगितलं होतं की हात हलका ठेवा, पातळ थर द्या, मध्ये थांबा. पण आपण भिंतीला चुना लावलेला बघत वाढलेले लोक. दिसेपर्यंत द्यायचा. मी दिला. रंगाचे ओघळ कडेने खाली उतरले, म्हणून मी खालून वर फवारलं, तेव्हा ते वरही जमायला लागले. शिवाय स्प्रेचा रंग म्हणजे हवेत उडतो, हे माझ्या गावीच नव्हतं. गॅरेजमधला दुसरा फ्रिज, बासमतीची पोती, सुनेत्राचे बर्फातले बूट, सगळ्यांवर एक मंद गुलाबी छटा आली. पोती मी उलटी करून ठेवली.

मिशी मात्र कशानेच निघेना. शेवटी ती काढून टाकली. कॉलेजपासूनची मिशी होती. संध्याकाळी सुनेत्रा माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आज काहीतरी वेगळा दिसतोयस. जेवलास का नीट?"

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन झाकणाला बोट लावलं, तर बोट तिथेच राहतंय की काय अशी परिस्थिती. ऑक्टोबरची थंडी, आत कडाक्याचा गारठा. रंग वाळणार कुठून! पुन्हा टोपीवाल्याला शरण गेलो. तो म्हणाला, रंग पक्का करायचा तर झाकण ओव्हनमध्ये तासभर ठेवा, दोनशे डिग्रीवर.

आता इथे माझं शिक्षण आडवं आलं. दोनशे म्हणजे कुठले दोनशे? अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही मला ताप फॅरनहाइटमध्ये येतो आणि थंडी सेल्सिअसमध्ये वाजते. मी विचार केला, ही शास्त्राची गोष्ट आहे, शास्त्रात सेल्सिअसच असणार. कागद घेतला, गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस. उत्तर आलं तीनशे ब्याण्णव. दहावीत गणितात मला चांगले मार्क होते, ते पुन्हा एकदा सिद्ध झालं.

तेवढ्यात सुनेत्रा पर्स घेऊन निघाली.

"शेजारच्या अदितीकडून मोठी ताटं घेऊन येते. तू तोवर व्हॅक्यूम कर. आणि विनय, कशालाही हात लावू नकोस."

"व्हॅक्यूमला लावू का?"

तिने दार आपटलं.

मी ओव्हनकडे गेलो. आमचा ओव्हन म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरातला ओव्हन. त्यात कढया राहतात. घर घेतल्यापासून आमच्याकडे तो कपाट म्हणूनच नांदतोय. मी एकेक कढई, दोन तवे, मोठा कुकर आणि फोडणीची पळी असं सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं. मनात म्हटलं, बघ सुनेत्रा, किती विचाराने काम करतोय! मग झाकण आत ठेवलं, तीनशे नव्वद लावले (दोन डिग्री सोडून दिल्या, उगाच जास्त नको) आणि व्हॅक्यूम सुरू केला.

वरच्या जाळीवर अगदी मागे एक पिशवी होती, ती मला दिसली नाही. तिच्यात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची झाकणं होती. डबे कुठेकुठे गेले होते, पण झाकणं आमच्याकडे टाकत नाहीत.

व्हॅक्यूमच्या आवाजात मला काही कळलं नाही. वास आला, तो मला मशीनचा वाटला. मग अलार्म वाजला, तोही मला मशीनचाच वाटला, म्हणून मी मशीन बंद केलं, तरी वाजतच राहिला. स्वयंपाकघरात गेलो तर काळाकुट्ट धूर. मी ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, टॉवेल फिरवला. पण आमचा अलार्म थेट फायर स्टेशनला जोडलेला आहे. (हा सुनेत्राचा हट्ट. असा हट्ट तिने का धरला, ते मला त्या दिवशी कळलं.)

बंब आला तेव्हा मी हातात टॉवेल घेऊन अंगणात उभा होतो. बंबाच्या मागोमाग एक चकचकीत काळी गाडी येऊन थांबली. तिच्यातून आरोही उतरली, नकुल उतरला, मिठाईचा खोका घेऊन सरलाताई उतरल्या आणि शेवटी रवी दाबके. जेवायला मराठी माणूस कधी वेळेवर येत नाही. पण मुलीचं घर बघायला तो अर्धा तास आधी येतो.

"नमस्कार," मी टॉवेलसकट हात जोडले. "या, या! आत जरा धूर आहे."

"काय झालं?" रवी दाबक्यांनी विचारलं.

आरोही माझ्याकडे बघत होती. लहानपणी शाळेच्या नाटकात मी पुढच्या रांगेत बसून मोठ्याने टाळ्या वाजवायचो, तेव्हा ती असाच चेहरा करायची. हिचं जमलेलं माझ्यामुळे फिसकटलं तर, या एका विचाराने मला सुचेनासं झालं, आणि तोंडातून निघून गेलं, "काही नाही, स्वयंपाक जरा लागला."

"माझा स्वयंपाक?"

मागे सुनेत्रा उभी होती. हातात अदितीची सहा ताटं.

"माझा स्वयंपाक कधी लागतो का रे? वांगी मी काल रात्रीच करून ठेवलीत!"

"अहो, होतं असं कधीकधी," सरलाताई गोड आवाजात म्हणाल्या. त्या 'कधीकधी'ने सुनेत्राच्या हातातली ताटं खणखणली. विहीणबाईंनी पहिल्याच भेटीत समजून घ्यावं, यापरता अपमान नाही.

तेवढ्यात बंबवाल्यांपैकी एक उंच माणूस दारातून बाहेर आला. हातमोज्यात ओव्हनची जाळी धरलेली. जाळीवर माझं झाकण पसरलं होतं, मध्ये खचून गजांमधून खाली लोंबत होतं. लालभडक. आणि त्यावर श्रीखंडाची पांढरी झाकणं ठिकठिकाणी वितळून बसली होती.

"सर," तो अतिशय हळुवारपणे म्हणाला, "आय ॲम सॉरी अबाउट द लझान्या."

लाल सॉस आणि चीजचा तो इटालियन पदार्थ बघायला सगळे जाळीभोवती जमले.

"पनीर घातलंय ना वर?" सरलाताईंनी विचारलं.

"बाबा, व्हॉट इज दॅट?" आरोही म्हणाली.

सुनेत्राने ताटं खाली ठेवली. तिने एक पांढरं वर्तुळ ओळखलं होतं.

रवी दाबके पुढे झाले. चष्मा कपाळावर चढवला, वाकले, कडेला नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "हे इंजिनाचं कव्हर आहे."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी खिशातून ती तुटलेली खुंटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पुसण्यापासून तीनशे ब्याण्णवपर्यंत. मिशीसुद्धा सांगितली. "तुम्हाला आमची गाडी चांगली दिसावी एवढंच मनात होतं हो," मी म्हणालो, आणि मी खरोखरच रडण्याच्या बेतात होतो. "आरोहीचा यात काही दोष नाही. सुनेत्राची वांगी उत्तम झाली आहेत."

"मिशी?" सुनेत्रा दचकून म्हणाली. "तुझी मिशी कुठे गेली?"

बंबवाला अजून जाळी धरून ताटकळत उभा होता. रवी दाबके त्या खुंटीकडे बघत होते. आणि मग सरलाताई आमच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की मिठाईचा खोका नकुलला धरावा लागला.

"अहो, यांनी एकदा गाडीचा कार्ब्युरेटर डिशवॉशरमध्ये धुतलाय!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्याच्याबरोबर माझ्या चांदीच्या वाट्या होत्या! आठवडाभर घरातल्या खिरीला पेट्रोलचा वास. मी येताना रस्ताभर यांना सांगत होते, तिथे जाऊन काही उघडू नका, त्यांना आपण वेडे वाटू!"

"कार्ब्युरेटर स्वच्छ निघाला होता," रवी दाबके दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

"नुसता स्वच्छ? चांदीपेक्षा चमकत होता मेला!"

आरोही हसली. तिला हसताना बघून माझ्या जिवात जीव आला. घरात धूर होता, म्हणून सुनेत्राने भांडी बाहेर आणली आणि आम्ही सगळे अंगणातच अदितीच्या ताटांत जेवलो. बंबवाल्यांनीही मसालेभात डब्यातून नेला. वांगी सरलाताईंनी दोनदा वाढून घेतली, तेव्हा कुठे सुनेत्राच्या कपाळावरची आठी गेली. जेवण झाल्यावर रवी दाबक्यांनी शेवटी बॉनेट उघडायला लावलंच. बराच वेळ आत बघत राहिले. मी फडकं घेऊन शेजारी उभा.

"बरं केलंत काढलंत ते," ते म्हणाले. "ते कव्हर नुसतं शोभेचं असतं. मी गाडी घेतली की पहिलं तेच फेकतो."

शोभेचं! माझी मिशी त्यात गेली.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. सुनेत्राने स्पीकर लावला. "आम्हाला घर फार आवडलं," रवी दाबके म्हणाले. "माणसंही आवडली. तारीख काढायला आमची हरकत नाही. फक्त आमची एक अट आहे."

मी ताठ बसलो. अट! या काळात, या देशात, शिकलेल्या माणसांच्या तोंडी हा शब्द! मुलीचा बाप म्हणून मी आयुष्यभर ज्या भाषणाची तयारी केली होती, ते करायची वेळ आली होती. मी घसा खाकरला.

"रवीराव, स्पष्टच सांगतो. देण्याघेण्याची भाषा आमच्या घरात..."

"छे, छे! तसलं काही नाही हो," ते घाईने म्हणाले. "लग्नात तुम्ही कन्यादान सोडून दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. बस."

मी आभाराचे शब्द शोधत होतो, तोवर सुनेत्रा फोनच्या जवळ सरकली.

"कन्यादानाचीही काळजी करू नका," ती म्हणाली. "पाणी मी सोडेन. विनय नुसता शेजारी बसेल."

पलीकडे दोघांची काहीतरी कुजबुज झाली. मग सरलाताईंचा आवाज आला, "बसेल ना, नक्की?"

"हो हो," सुनेत्रा म्हणाली. "माझ्या पदराशी त्याच्या उपरण्याची गाठ मी जरा घट्टच मारेन."