बिराजदार साहेबांची चुकांची मीटिंग

"काल काय चुकलं?" चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सकाळ अशी उगवते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बिराजदार साहेब प्रॉडक्शन मॅनेजर, मी स्टोअर सांभाळतो. रोज सगळ्यांनी गोल उभं राहायचं, आपापली कालची चूक सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

साहेब कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले, तेव्हापासूनचं हे. "काहीच चुकलं न्हाय साहेब" म्हणणाऱ्याकडं ते आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात. "मग काल काम केलंस का न्हाय?"

आता रोज उठून चुका आणायच्या कुठून? मी नीट काम करणारा माणूस, माझे फार हाल व्हायला लागले. शेवटी पॅकिंगमधल्या मुल्लाकडनं उसन्या घ्यायला लागलो. त्याच्याकडं कायम जास्तीच्या असायच्या.

एकदा परदेशी गिऱ्हाईक आलेलं. साहेबांनी त्याच्यासमोर आदल्या दिवशी वाया गेलेला माल सविस्तर सांगितला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. मालक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. साहेब म्हणाले, "मालकांनी अजून एक बी चूक सांगितली न्हाय. काळजी वाटती मला."

मागच्या महिन्यात रंगखात्यातल्या श्रीनिवासनं पांढऱ्या टॉवेलांचा अख्खा लॉट गुलाबी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आलाच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही, आणि फोन बंद. साहेबांनी मीटिंग अर्ध्यावर टाकली आणि मला म्हणाले, "गाडी काढा, त्याच्या घरी जाऊ." घ्या! म्हटलं, आता त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन टाळ्या वाजवायच्या.

श्रीनिवास हात जोडूनच बाहेर आला. "साहेब, पोरंबाळं हायत, कामावरनं काढू नका. तुमाला सांगायची हिंमत झाली न्हाय."

साहेब मटकन त्याच्या उंबऱ्यावर बसले.

"तुला कोण काढतंय रं? माझा महेश इंजिनिअरिंगला नापास झाला, तवा त्याची बी हिंमत झाली न्हाय. मला भायेरनं कळलं. लई बोललो त्याला, नको ते बोललो. पुण्याला निघून गेला. दोन वर्सं झाली, माझा फोन उचलत न्हाय. तू बी तसाच कुटं जाशील म्हणून पळत आलो की."

 

श्रीनिवासनं बायकोचा मोबाईल मागून घेतला. "नंबर सांगा साहेब. हा नंबर त्यो वळखायचा न्हाय." त्यानं फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो" आलं. रोज चाळीसेक माणसांसमोर बोलणाऱ्या साहेबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"महेश, ठेवू नको रं," ते कसंबसं म्हणाले. "सकाळचं कायतरी खाल्लंस का?"