मोरीचे तिकीट

आर्वीहून सुटलेल्या साडेपाचच्या बसमध्ये मांडवखेडीचे अडतीस प्रवासी होते. अर्ध्या तिकिटाच्या बाया एकोणीस, पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे फुकट बसलेले आठ, पासष्टीच्या पुढचे अर्धे तिकीटवाले चार आणि पासवाली शाळेची पोरे पाच. पूर्ण तिकीट काढणारे दोनच उरले: कापड दुकानदार किसनराव आणि हर्षित. भाडेवाढीच्या विरोधात सदतीस जण होते, बाजूने एकटे किसनराव. हर्षितने हे सारे तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवले. तो फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला होता आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्याला तिच्याबद्दल मत बनवता येत नसे.

सगळ्यात मोठा आवाज तानबाजींचा होता. वय अठ्ठ्याहत्तर.

“सुधारणा म्हणते याले! माणसाच्या खिशात हात घालाची सुधारणा!”

“तानबाजी, तुमाले तिकीट किती लागलं?” किसनरावांनी विचारले.

“झिरो.”

“मंग?”

“मंग काय मंग? झिरोवर पंधरा टक्के वाढले ना!”

हर्षितने तिकिटाच्या कोपऱ्यात तो गुणाकार करून पाहिला.

“गाडीले टायर लागते, डिझल लागते,” किसनराव म्हणाले. “देश सुधरवाचा म्हणजे थोडी झळ बसतेच, बाप्पा.” त्यांना स्वतःला झळ बसत नव्हती असे नाही, पण भाडे वाढल्यापासून अर्धे गाव ब्लाउजपीस घ्यायला आर्वीला जायचे सोडून त्यांच्याच दुकानात येऊ लागले होते, त्यामुळे ती जाणवत नव्हती.

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागते. मांडवखेडी बारा किलोमीटरच्या जरा पुढे, म्हणजे थोडक्यासाठी तिसऱ्या टप्प्यात. गावाच्या अडीचशे मीटर अलीकडे नाल्यावर एक मोरी होती, ती दुसऱ्या टप्प्यात. गावाचे तिकीट एकतीस रुपये, मोरीचे एकवीस. भाडेवाढ झाल्यापासून तिकीट काढणारे कोणी मांडवखेडीत उतरतच नव्हते.

“मोरी, मोरी, मोरी!” कंडक्टर ज्योत्स्नाताई मशीनवर बोट आपटत म्हणाल्या. “सारे मोरीतच राह्यता काय तुमी?”

“हवा चांगली हाय तिथं, ताई,” मागून एक बाई म्हणाली.

मोरी आली की गाव उतरे, पण सामान उतरत नसे. पिशव्या, खताच्या थैल्या, एकदा तर शिलाई मशीनचे पायडल, हे सारे फुकटवाल्या आठ म्हाताऱ्यांच्या ताब्यात देऊन लोक हात हलवत चालू लागत. म्हातारे चौकात सामान उतरवून घेत आणि चार मिनिटांनी मागून मालक येत. यात सगळ्यांचे चांगले चालले होते.

चालले नव्हते ते हर्षितचे. तो आर्वीच्या एका शिकवणी वर्गात विज्ञान शिकवी आणि महिन्याला नऊ हजार आणी. गावात त्याला ‘बीएस्सी’ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. “बीएस्सी, माह्या मोटरपंपाचा आवाज काऊन येऊन राह्यला?” असे विचारून त्याने सांगितलेले कारण कोणी ऐकत नसे, मेकॅनिकला बोलावत. त्या दिवशी मोरीवरून चालताना त्याच्या मनात आले, की गाव तिसऱ्या टप्प्यात आहे हे मोजले कोणी? थोडक्यासाठी तिसऱ्यात असेल, तर थोडक्यासाठी दुसऱ्यातही असू शकते. ते सिद्ध झाले, तर गाव गावातच उतरेल आणि त्या डिग्रीचा एकदा तरी गावाला उपयोग होईल.

रविवारी सकाळी त्याने अंगणात सायकल उभी केली. चाकाच्या टायरवर खडूची खूण केली, चाक बरोबर एक फेरा पुढे नेले आणि जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधले अंतर आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजले. दोनशे पंधरा सेंटिमीटर. चूक राहू नये म्हणून तीनदा मोजले. तिन्ही वेळा दोनशे पंधरा.

“आटप ना बे, टेप पाह्यजे मले,” त्याची आई उज्वलाबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्या गावातल्या बायांचे ब्लाउज शिवत, अठरा वर्षे, याच टेपवर. कानाला फोन होता. पलीकडे सावंगीला दवाखान्यात नर्स असलेली त्यांची थोरली जया. “का म्हणतं? हाबी ढिलाच झाला? तू सांगतलेल्या आकड्यानंच तर शिवला वं. तूच वाळून राह्यली असशील. जेवत जा जरा.”

आता फेरे मोजायचे होते. त्यासाठी शकुंतलाआजीचे नामजपाचे बोटात घालायचे यंत्र सगळ्यात योग्य होते. एक बटण, एक आकडा. त्यावर तीन हजार चारशे बारा नामे जमली होती.

“आजी, हे शून्यावर आणा लागते.”

“माह्यं नाम पुसतं? लाज नाई वाटत?”

शेवटी तडजोड झाली. जेवढे फेरे होतील तेवढे आजीच्या नावावर जमा होतील.

आर्वीच्या बसस्थानकाच्या फाटकापासून हर्षितने सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली. चाकाला लाल चिंधी बांधली होती. ती वर आली की एकदा बटण. वाटेत अकरा जणांनी विचारले, “पंक्चर झाली का बे?” आकडा चुकू नये म्हणून त्याने एकालाही उत्तर दिले नाही. बोटात जपाचे यंत्र, तोंड मिटलेले, आर्वीपासून पायी. तो गावात पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती, की बीएस्सीने नोकरीसाठी मौनाचा नवस बोलला आहे. चौकात दोन बाया त्याच्या पाया पडल्या.

आकडा होता पाच हजार पाचशे चव्वेचाळीस. शकुंतलाआजी दोन हजार एकशे बत्तीस नामांनी फायद्यात राहिल्या. हर्षितने गुणाकार केला: अकरा किलोमीटर नऊशे वीस मीटर. बारा किलोमीटरला ऐंशी मीटर कमी. मांडवखेडी दुसऱ्या टप्प्यात होती.

संध्याकाळी किसनरावांच्या दुकानासमोर त्याने हे सांगितले, तेव्हा पहिल्यांदाच लोकांनी त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले.

“म्हणजे एवढे दिवस आमाले लुटून राह्यले?” फुकट प्रवास करणारे तानबाजी गरजले.

“काकाजी, तुमाले कोणी नाई लुटलं,” हर्षित म्हणाला.

“गावाले लुटलं म्हणजे मले लुटलं! अर्ज कर, बीएस्सी. पह्यली सही माही.”

किसनराव गिऱ्हाइकाला लोखंडी मीटरने अस्तर मोजून देत होते. मान वर न करता ते म्हणाले, “पोट्ट्या, सरकारी कागद झोपला हाय, त्याले उठवू नोको. मोरी चालून राह्यली ना? चालू दे.”

“तुमचा धंदा बसंल म्हणून बोलता,” कोणीतरी म्हणाले, आणि ते खरे असल्यामुळे विषय तिथेच संपला. ग्रामसभेत ठराव झाला. अर्जावर दोनशे बारा सह्या पडल्या, सोबत हर्षितची आकडेमोड जोडली, चिंधीसकट चाकाची आकृती काढून. आजींनी त्याला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या. आठवडाभर गावात त्याला कोणी बीएस्सी म्हटले नाही. ‘हर्षितसर’ म्हटले.

तिसऱ्या आठवड्यात आगारातून वाहतूक निरीक्षक आले. त्यांच्याकडे दांड्याला लावलेले एक चाक होते, त्यावर आकडे फिरत. माणूस शांत आणि कामाचा होता. बसस्थानकापासून स्वतः चालत आला. मोरीपाशी अख्खे गाव उभे होते. मोरीवर चाक थांबले. निरीक्षकांनी आकडा वहीत लिहिला आणि ते पुढे निघाले. गाव मागोमाग. चौकात चाक पुन्हा थांबले.

“बारा किलोमीटर दोनशे ऐंशी,” ते म्हणाले.

“अकरा नऊशे वीस पाह्यजे,” हर्षित म्हणाला.

“तुमचा हिशेब वाचला मी. गुणाकार बरोबर हाय.” त्यांनी वही पुढे केली. “आन हे मोरीचं. बारा किलोमीटर तीस मीटर.”

क्षणभर कोणाच्या लक्षात आले नाही. मग किसनरावांच्या आले.

“म्हणजे मोरीबी तिसऱ्यात?”

“नव्या पुलाचा वळसा झाल्यापासून मोजायचं काम पडलंच नवतं,” निरीक्षक म्हणाले. “तुमचा अर्ज आला म्हणून मोजलं. आता दुसऱ्या टप्प्याचा शेवटचा थांबा टेंभरी फाटा.”

टेंभरी फाटा गावापासून दोन किलोमीटर होता.

पुढच्या सोमवारच्या साडेपाचच्या बसमध्ये मांडवखेडीचे पुन्हा अडतीस प्रवासी होते. भाडेवाढीच्या विरोधात एकही जण बोलला नाही. सदतीस जण हर्षितच्या विरोधात होते.

“फाटा, फाटा, फाटा,” ज्योत्स्नाताई तिकिटे फाडत म्हणाल्या. “सर, तुमाले कुठचं? तुमाले त मोजून देतो.”

त्याने गावाचे काढले, एकतीसचे, कारण फाट्यावर सर्वांबरोबर उतरून दोन किलोमीटर चालण्याची त्याची हिंमत नव्हती. म्हणजे जाऊन-येऊन महिन्याला पाचशे रुपये जास्त. फाट्यावर गाव उतरले आणि तो आठ म्हाताऱ्यांबरोबर आणि पासवाल्या पोरांबरोबर, चौतीस पिशव्यांमध्ये बसून चौकात आला. तिथे मालक येईपर्यंत पूर्वी चार मिनिटे लागत. आता पंचवीस लागत होती.

“मी का गोदामाचा चौकीदार हाव?” तानबाजी थैल्यांच्या ढिगावर बसून म्हणाले. “बीएस्सी, घे हे मेथीची पिशवी. धरून उभा राह्य. तुह्यापायी हाय हे सारं.”

हर्षित पिशवी धरून उभा राहिला. गुणाकार बरोबर होता. फेरे बरोबर होते. चार हजारांच्या पुढे त्याने श्वाससुद्धा बेतून घेतला होता. मग तीनशे साठ मीटर गेले कुठे?

घरी आला तर सावंगीहून जया आलेली. ओट्यावर दोन ब्लाउज टाकून ती आईशी भांडत होती.

“गावातल्या बायायचे कसे गच्च बसते? माह्याच वक्ती काय होते तुले?”

“त्यायचं माप मी इथं घेतो, अंगावर. तू फोनवर सांगतं.”

“दवाखान्यातल्या टेपनं मोजून सांगतो, आई. बरोबर सांगतो.”

“मंग तुह्या दवाखान्याचा टेप खराब हाय.”

हर्षित दारातच थांबला. गावातल्या बायांचे माप आई याच टेपने घेई आणि कापडही याच टेपने कापी. जयाचे माप मात्र दुसऱ्या टेपवरून आकडा होऊन येई. त्याने मशीनच्या खुंटीवरचा टेप काढला. अठरा वर्षांत त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. दोन टोकांना धरून ओढला की तो जरासा लांब होई आणि पूर्ण परत येत नसे.

“कुठं चालला घेऊन? जयाचं माप घ्याचं हाय मले!”

तो चौक ओलांडून किसनरावांच्या दुकानात शिरला. गर्दी होती. त्याने गादीवरचा लोखंडी मीटर उचलला.

“आता का मोजतं बे?” किसनराव म्हणाले. “सरकारी शिक्का पाह्य त्याच्यावरचा. औंदाचाच हाय.”

हर्षितने शिक्का पाहिला. मीटर गादीवर सपाट ठेवला, टेपचे टोक त्याच्या टोकाला लावले आणि टेप न ताणता शेवटपर्यंत नेला.

मीटर जिथे संपला, तिथे टेपवर शंभराऐवजी सत्त्याण्णव होते.