दिवसाआड म्हैस

"ह्यातलं खरं कुठलं?" प्रसेनजीतने विचारलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोल्डरांची उतरंड लागली होती. 'डेअरी_नवीन', 'डेअरी_नवीन_खरं', 'डेअरी_शेवटचं' आणि सगळ्यात खाली 'डेअरी_शेवटचं_आईशप्पत'.

"आईशप्पतवर जाऊ नका सर," सयाजी म्हणाला. "ते मी केलंय, पण त्याच्यावर निशानं हात फिरवलाय. आता त्यात कुणाचं काय ऱ्हायलंय, ते देवालाच ठावं."

"मलाबी ठावं हाय की," निशा शेजारच्या टेबलावरून म्हणाली. "माझं कायबी ऱ्हायलेलं न्हाय."

शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर 'शिवार सॉफ्टवेअर' ही कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक उदयसिंह, सयाजी आणि निशा हे दोन प्रोग्रॅमर आणि एक पंखा, जो मालक केबिनमध्ये असले की केबिनकडे तोंड करून फिरायचा. गावोगावच्या दूध संस्थांना पावती छापणारा प्रोग्रॅम विकायचा, हा धंदा. साल दोन हजार सहा. एकाने प्रोग्रॅमला हात लावला की दुसऱ्याने गप्प बसायचं अशी इथली रीत होती, आणि कोल्हापुरात गप्प बसणं कुणाला जमत नसल्यामुळे ती रीत रोज मोडत होती.

यावर उपाय म्हणून प्रसेनजीतला बोलावलं होतं. तो मूळचा हातकणंगल्याचा. पुण्यात मोठ्या कंपनीत काही वर्षं काढली, पण ते शहर त्याला कधी मानवलं नाही. शेवटी नोकरी सोडून तो आईकडे परत आला. पोरगा घरी आला म्हणून शेवंताबाईंनी गल्लीत पेढे वाटले. उदयसिंहने मात्र पेढा खाऊन अट घातली.

"शनवारी दादासो चेअरमन प्रोग्रॅम बघायला येणार. त्यांनी घेतला तर तालुक्यातल्या समद्या संस्था घेणार. तवर तुमचं ते शिकवणं चालू द्या. जमलं तर तुम्ही हितं कायमचं. न्हाय जमलं तर पुण्याच्या गाड्या स्टँडावरनं दिवसभर सुटत्यात."

प्रसेनजीतने सोमवारी फळ्यावर 'व्हर्जन कंट्रोल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पुण्यात कमावलेल्या शुद्ध भाषेत सुरुवात केली. "आजपासून प्रोग्रॅमची खरी प्रत एकच, आणि ती सर्व्हरवर. प्रत्येकाने आपल्यापुरती नक्कल घ्यायची, तिच्यात काम करायचं आणि झालेलं काम सर्व्हरवर जमा करायचं. या जमा करण्याला कमिट म्हणतात."

दोन्ही चेहरे कोरे.

"डेअरीत दूध घालतो तसं. ज्याने त्याने आपापल्या घरी धार काढायची आणि एकाच कॅनमध्ये आणून ओतायचं."

"आणि कुणी पाणी घातलं तर?" सयाजीने विचारलं.

"कुणी घातलं, कधी घातलं, सगळं नावासकट दिसतं."

निशा आणि सयाजी दोघेही सावरून बसले. केबिनमधून उदयसिंहचा आवाज आला, "हे झ्याक हाय!"

हे जमा करायचं काम ज्या प्रोग्रॅममधून चालायचं, त्याचं चिन्ह होतं कासव. सयाजीने देवळातल्यासारखे त्याला आधी हात जोडले, मगच माउसला हात लावला. प्रसेनजीत पुढे सांगत होता, "आता दोघांनी एकाच वेळी एकच ओळ बदलली, तर कासव पिवळा त्रिकोण दाखवतं. त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मग मेनूत दोन पर्याय दिसतात. एक 'माझं' ठेवायचं आणि दुसरा 'त्यांचं' ठेवायचं."

तिसरा आणि खरा मार्ग म्हणजे दोघांचं लिहिलेलं उघडून वाचायचं आणि त्यातून एक करायचं. तो प्रसेनजीत चहानंतर शिकवणार होता. पण चहानंतर लोडशेडिंग सुरू झालं, पंखा थांबला, फळा दिसेनासा झाला आणि शिक्षण 'माझं' आणि 'त्यांचं' यावरच आटोपलं. पुढचं सगळं रामायण या लोडशेडिंगचं.

भांडणाचं कारण साधं होतं. दूध घेताना पडद्यावर दोन जनावरं दिसायची आणि सचिवाने एक किंवा दोन आकडा दाबायचा. सयाजीने एकवर म्हैस ठेवली होती. निशाने त्याच सुमाराला एकवर गाय ठेवली.

"म्हस सोडून गायीला पहिला नंबर? कोल्हापुरात ऱ्हातीस न्हवं तू?" सयाजी भडकला.

"आमच्याकडं दारादारात जर्सी गायी आल्यात. त्यांच्या पावतीवर म्हैस छापून येतीया. ते काय कोल्हापूरच्या भाईर ऱ्हात्यात व्हय?"

कासवाने पिवळा त्रिकोण दाखवला. सयाजीने 'माझं' दाबलं. कोल्हापूरच्या माणसापुढे 'माझं' आणि 'त्यांचं' असे दोन पर्याय ठेवल्यावर तो दुसऱ्याकडे बघेल तरी कशाला? निशाची अख्खी फाईल, तिच्यातल्या चांगल्या गोष्टींसकट, बाजूला पडली. दुसऱ्या दिवशी निशाने परत गाय एकवर आणली, परत त्रिकोण आला आणि या खेपेला तिने 'माझं' दाबलं. ज्याचं कमिट शेवटचं, त्याचं राज्य.

हे भांडण ऑफिसात राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण दादासो चेअरमनची दूध संस्था सयाजीच्याच गावात होती आणि चाचणी म्हणून तो रोज संध्याकाळी सगळ्यात ताजा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून तिथे नेत असे. संस्थेचा सचिव ज्ञानू दूध घेताना पडद्याकडे बघत नसे. त्याची नजर मापावर आणि बोट एक नंबरावर. गावात म्हशी जास्त, एक म्हणजे म्हैस, विषय संपला.

गुरुवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. उदयसिंहने उचलला.

"मालक, आमच्या गावातल्या म्हशी गेल्या कुठं?" ज्ञानू ओरडत होता.

"म्हंजे?"

"काल समद्या म्हशी हुत्या. आज समद्या गायी झाल्यात. सभासद तानाबाई गायीच्या दराची पावती घिऊन संस्थेच्या दारात बसलीया, उठंना!"

उदयसिंहने फोन ठेवला आणि तिघांना केबिनमध्ये घेतलं. तो काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की खालच्या टायरच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. शेवटी तो प्रसेनजीतकडे वळला. "पावणं, तुमच्या कासवानं आमची म्हस खाल्ली."

ज्याच्या परत येण्याचे पेढे वाटले, त्याला पुन्हा 'पावणं' म्हटलं की काय ते समजून घ्यायचं असतं. प्रसेनजीतचा चेहरा उतरला. त्याने दोघांना बाहेर आणून कळवळून सांगितलं, "कॉन्फ्लिक्ट म्हणजे भांडण नव्हे. सारखं माझं माझं काय करता? समोरच्याचाही कधी विचार करा."

हेच त्याने बोलायला नको होतं.

सयाजीने निशाला भजी मागवली. निशाने आपल्या डब्यातली शेंगाची चटणी त्याच्यापुढे सरकवली. दोघांनाही मनापासून वाईट वाटलं होतं. आणि कोल्हापूरचा माणूस भांडायला लागला तर एकवेळ आवरता येतो, आग्रहाला लागला तर नाही.

शुक्रवारी निशाने मोठ्या मनाने आपली गाय काढली, सयाजीची म्हैस एकवर बसवली आणि कमिट केलं. त्याच वेळी तिकडे सयाजी तेवढ्याच मोठ्या मनाने आपली म्हैस काढून निशाची गाय बसवत होता. पिवळा त्रिकोण आला. सयाजीने छाती फुगवून 'त्यांचं' दाबलं आणि बघतो तर एकवर म्हैस!

"अगं, हे तर माझंच हाय!"

"मग? तुझंच ठेवलंय मी."

"न्हाय न्हाय, तसं न्हाय चालायचं. तुझं ऱ्हाऊ दे."

"तुझं ऱ्हाऊ दे की रं. एवढं काय त्यात!"

पंगतीत जिलेबीचा आग्रह चालावा तसं हे संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटचा आग्रह सयाजीचा होता, म्हणून पेन ड्राइव्हवर गाय गेली.

शनिवारी सकाळी टायरच्या दुकानापुढे जीप थांबली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले दादासो चेअरमन उतरले आणि त्यांच्या मागून तानाबाई उतरली. जिना चढता चढताच तिचा आवाज आत आला.

"कुठं हाय त्यो कंपूटरवाला? माझी म्हस दिवसाआड गाय हुतीया! मुऱ्हा जातीची हाय ती, मुऱ्हा! तिच्या म्होरं तिला कुणी गाय म्हणून दावा, तिनं धार दिली तर नाव बदलीन!"

"बसा आक्का, पाणी घ्या," उदयसिंह घाईने म्हणाला.

"पाणी नगं. म्हस पायजे."

दादासो खुर्चीत ऐसपैस बसले. "उदयसिंह, मी प्रोग्रॅम बघायला आलतो. पण आधी आमची म्हस जाग्यावर आणा. माझ्या डोळ्यांदेखत."

उदयसिंहने प्रसेनजीतकडे बघितलं आणि मग खिडकीतून स्टँडच्या दिशेने. प्रसेनजीतला त्या नजरेचा अर्थ कळला. आईला काय सांगायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोंघावू लागला.

निशा आणि सयाजी आपापल्या मशीनवर धावले. दोघांनीही आजवर दाखवला नव्हता एवढा समजूतदारपणा दाखवला. निशाने म्हैस बसवली. सयाजीने गाय बसवली. त्रिकोण आला, 'त्यांचं' दाबलं गेलं. दादासोंना पडद्यावर म्हैस दिसली. ते "हां" म्हणेपर्यंत तिथे गाय आली. तानाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"तुझं ऱ्हाऊ दे."

"न्हाय, तुझंच."

प्रसेनजीत हे 'तुझं-तुझं' ऐकत होता आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारचं लोडशेडिंग त्याला आठवलं. या दोघांना तिसरा मार्ग शिकवलाच नव्हता!

"थांबा!" तो असा ओरडला, की पुण्यातली शुद्ध भाषा जिन्यावरून खाली गेली. "माझं दाबू नगा आनि त्यांचंबी दाबू नगा! सयाजी, खुर्ची घिऊन हिकडं ये. निशा, सरक जरा. एका पडद्याम्होरं बसा दोघं. आता दोघांचंबी उघडा आनि मोठ्यानं वाचा. गोड बोलायचं न्हाय. खरं काय ते भांडून सांगा!"

भांडायची परवानगी मिळाल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"ज्ञानू बघत न्हाय. डोळं झाकून एक दाबतो. म्हणून एकवर म्हस पायजे," सयाजी टेबलावर हात आपटून म्हणाला.

"आनि तुझ्याच गावातल्या आकारामकाकांच्या दावणीला गायीच हायत. त्यांनी काय करायचं? म्हणून तर मी शोधून ठेवलंय, कुठल्या सभासदाच्या नावावर कुठलं जनावर हाय!"

"काय? कुठं हाय ते?"

"हे काय, ह्या ओळी. तू 'माझं' दाबलास की रोज उडायच्या."

सयाजीने ओळी वाचल्या. परत वाचल्या. "अगं येडे, मग एकवर गाय का म्हस हा प्रश्नच न्हाय की! ज्याच्या नावावर म्हस त्याला एक म्हंजे म्हस. ज्याच्या नावावर गाय त्याला एक म्हंजे गाय. माझा एक, तुझं जनावर!"

"तेच तर मी सोमवारपास्नं बोंबलतीया!"

दोघांचे हात एकाच कीबोर्डवर पडले. ती दोन ओळी लिहायची, तो एक खोडायचा, ती त्याच्या हातावर चापट मारून परत लिहायची. बोंबाबोंब ऐकून टायरवाला वर आला आणि दारात उभा राहिला. तानाबाई पुढे सरकली. तिने आपले हिशेब तिथल्या तिथे सांगितले: म्हैस कधी आली, किती देते आणि तिचं दूध गायीच्या दुधात मिसळणाऱ्याला काय करायला पाहिजे. दादासो मिशीतल्या मिशीत हसत होते. थोड्या वेळाने निशाने कमिट केलं. कासवापुढे हिरवी खूण उमटली.

"ज्ञानू व्हा," प्रसेनजीत दादासोंना म्हणाला. "डोळे झाकून एक दाबा."

दादासोंनी तानाबाईचा नंबर घातला, डोळे मिटले आणि एक दाबला. प्रिंटर करकरला. पावतीवर 'म्हैस'. मग आकारामचा नंबर घातला, पुन्हा डोळे मिटून एक. पावतीवर 'गाय'. टायरवाल्याने टाळ्या वाजवल्या. उदयसिंहच्या छातीवरचा दगड उतरल्याचं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि त्याने उठून पंख्याचं तोंड बाहेरच्या टेबलांकडे फिरवलं.

तानाबाईने पावती अक्षर अक्षर लावून वाचली. "म्है-स. बराबर हाय. पर नुसतं म्हस का? मुऱ्हा लिवा की."

निशा आणि सयाजी एकदमच आपापल्या मशीनकडे धावले, दोघांनी एकदमच लिहिलं आणि पिवळा त्रिकोण आला. प्रसेनजीत काही बोलणार, तोच दोघांनी एकमेकांकडे बघितलं, सयाजीने खुर्ची उचलली आणि ते एका पडद्यापुढे बसून भांडायला लागले. कुणाला सांगावं लागलं नाही. प्रसेनजीतचे डोळे भरून आले. त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"घेतला प्रोग्रॅम," दादासो म्हणाले. "आमच्या संस्थेला घेतला, आनि तालुक्यातल्या बाकीच्यांना मी सांगतो." मग ते खुर्चीत पुढे वाकले आणि आवाज खाली आणून प्रसेनजीतला म्हणाले, "मास्तर, हे जे तुम्ही आत्ता केलासा, दोघांना एका जागी बसवून भांडण मिटवायचं, ते आमच्या संचालक मंडळाला शिकवाल का?"

"शिकवू की. कॉन्फ्लिक्ट किती हायत तुमच्यात?"

"एकच हाय."

"एकच? मग काय अवघड न्हाय. कशावरनं हाय?"

"चेअरमन कोण, एवढ्यावरनंच."

प्रसेनजीतने चष्मा डोळ्यांवर चढवला. "ह्याला वेळ लागंल, चेअरमन. दोन-चार वर्षं तर सहज."

"लागू देत की, दहा लागू देत!" उदयसिंह धावत पुढे आला आणि त्याने प्रसेनजीतच्या खांद्यावर हात टाकला. "आमचा माणूस हाय त्यो. हितनं कुठं जातोय?"